मुक्या जनावरांची तपासणी आणि अडथळ्याचा अपराध

श्रावण अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी वऱ्हाडातील गावोगावी बैलांची खांदशेकणी होते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना शेक दिला जातो, त्यांवर लोणी किंवा तूप आणि हळद चोळली जाते, आणि दुसऱ्या दिवशीच्या पोळ्याचे आवतण बैलांना त्याच वेळी दिले जाते. नांदगाव खंडेश्वर हा अमरावती जिल्ह्यातील काळ्या जमिनीचा, कापूस, तूर व सोयाबीन पिकविणारा तालुका. येथील शेतकऱ्यालाही हा विधी परका नाही. या विधीत एक गोष्ट आपोआप घडते. मालकाचा हात बैलाच्या खांद्यावरून फिरतो, आणि तेथे जखम, सूज अथवा घट्टा असेल तर तो त्याच्या हाताला लागतो. म्हणजेच खांदशेकणी ही एका अर्थाने जनावराची वार्षिक तपासणीच होय.

कायद्याने अधिकार दिलेला अधिकारी बाजारात, रस्त्यावर किंवा शर्यतीच्या मैदानावर बैलाचा खांदा पाहतो, तेव्हा तो याहून वेगळे काही करीत नाही. फरक इतकाच, की त्याची तपासणी वर्षातील कोणत्याही दिवशी होऊ शकते आणि ती मालकाच्या मर्जीवर अवलंबून नसते. माणसावर अन्याय झाला तर तो ठाण्यावर जाऊन फिर्याद देतो. जनावराला ते शक्य नाही. त्याच्या अंगावरील वळ, मानेवरील व्रण, खोल गेलेले डोळे हीच त्याची फिर्याद आणि हाच त्याचा पुरावा. हा पुरावा काही दिवसांत भरून येतो किंवा जनावरच दुसऱ्या बाजारात विकले जाते. म्हणून तपासणी अडविणे ही केवळ अधिकाऱ्याशी घातलेली हुज्जत ठरत नाही. ज्याला बोलता येत नाही त्याची फिर्याद नोंदविण्याची वाटच तिने बंद होते. अशा अडथळ्याबद्दल कायद्यात कोणत्या शिक्षा आहेत, त्या कोणत्या परिस्थितीत लागू होतात आणि तपासणी करणाऱ्यावर कोणती बंधने आहेत, याची माहिती अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांना असणे आवश्यक आहे.

कायद्याची पार्श्वभूमी

प्राण्यांच्या छळास आळा घालण्याचे संघटित प्रयत्न महाराष्ट्रात दीडशे वर्षांपूर्वीच सुरू झाले. मुंबईत १८७४ मध्ये प्राणिक्लेश प्रतिबंधक संस्था स्थापन झाली. १८९० मध्ये त्या वेळच्या सरकारने यासंबंधी कायदा केला. परंतु त्याचे क्षेत्र मर्यादित होते. स्वातंत्र्यानंतर राज्यसभेच्या नियुक्त सदस्या श्रीमती रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी या विषयावर खासगी विधेयक मांडले. पुढे केंद्र शासनाने हा विषय स्वतःकडे घेतला आणि 'प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करण्याबाबत अधिनियम, १९६०' हा कायदा संमत झाला. या अधिनियमाखाली १९६२ मध्ये भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ स्थापन झाले व श्रीमती अरुंडेल त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या.

नांदगाव खंडेश्वर तालुक्याच्या दृष्टीने एक गोष्ट येथे नमूद करण्यासारखी आहे. हा अधिनियम संमत झाला त्या काळात केंद्रात कृषिमंत्री असलेले डॉ. पंजाबराव देशमुख यांचा जन्म १८९८ मध्ये याच तालुक्यातील पापळ या गावी झाला होता. याच जिल्ह्यातील शेंडगावचे संत गाडगेबाबा यांनी मुक्या प्राण्यांना अभय देण्याचा उपदेश आयुष्यभर केला. देवाच्या नावाने होणाऱ्या पशुहत्येविरुद्ध त्यांचे कीर्तन गावोगाव घुमले. तेव्हा या कायद्यामागील भावना वऱ्हाडला बाहेरून शिकवावी लागलेली नाही. पुढे ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ५१-क समाविष्ट झाला आणि सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले.

अधिकार कोणास व कितपत

तपासणीस अडथळा झाला की नाही हे ठरविण्यापूर्वी तपासणी करणाऱ्यास तसा अधिकार होता काय, हे पाहावे लागते. १९६० च्या अधिनियमाचे कलम ३४ या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. शिपायापेक्षा वरच्या दर्जाचा कोणताही पोलीस अधिकारी, किंवा राज्य शासनाने त्यासाठी प्राधिकृत केलेली व्यक्ती, यांस या कलमाचा अधिकार आहे. एखाद्या जनावराच्या बाबतीत या अधिनियमाखालील अपराध घडला आहे किंवा घडत आहे, असे मानण्यास त्यास कारण असले पाहिजे. परिस्थितीनुसार आवश्यक वाटल्यास तो ते जनावर ताब्यात घेऊन जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्यापुढे किंवा विहित पशुवैद्यकीय अधिकाऱ्यापुढे तपासणीसाठी हजर करू शकतो. जनावर ज्याच्या हाती आहे त्याने तपासणीच्या ठिकाणापर्यंत सोबत यावे, असेही तो सांगू शकतो.

बंद जागेत शिरण्याचा अधिकार मात्र इतका सैल नाही. दूध वाढविण्यासाठी गाईम्हशींवर केल्या जाणाऱ्या 'फुंका'सारख्या क्रूर प्रकाराचा संशय असल्यास पोलीस उपनिरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी, अथवा शासनाने प्राधिकृत केलेली व्यक्ती, कलम ३२ प्रमाणे जागेत प्रवेश करू शकते. इतर बाबतींत कलम ३३ मध्ये झडतीच्या अधिपत्राची तरतूद आहे. लेखी माहिती मिळाल्यावर आणि आवश्यक ती चौकशी केल्यावर न्यायदंडाधिकारी किंवा जिल्हा पोलीस अधीक्षक असे अधिपत्र देऊ शकतात. याखेरीज २००१ च्या केंद्रीय नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात प्राणिक्लेश प्रतिबंधक संस्था असावयाची असून, राज्य शासन तिला किंवा तिच्या अधिकाऱ्याला वाहन थांबविणे, कागदपत्रे मागणे, झडती घेणे व जनावर ताब्यात घेणे यांसाठी प्राधिकृत करू शकते. हे अधिकारही कायद्याने ठरवून दिलेल्या रीतीनेच वापरावयाचे असतात.

कलम ३९ प्रमाणे, कलम ३४ खाली राज्य शासनाने प्राधिकृत केलेली प्रत्येक व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने लोकसेवक मानली जाते. अडथळ्याच्या शिक्षेचा सारा पाया या छोट्या कलमावर उभा आहे.

शिक्षेची तरतूद कोठे आहे

अधिनियम चाळणाऱ्यास प्रथम आश्चर्य वाटेल अशी एक गोष्ट आहे. बैल, म्हैस, घोडा, गाढव यांच्या नेहमीच्या तपासणीस अडथळा करणे हा या अधिनियमातील स्वतंत्र अपराध नाही. तसा स्पष्ट उल्लेख येतो तो खेळ करणाऱ्या प्राण्यांच्या प्रकरणात. सर्कशीसारख्या ठिकाणी प्राणी शिकविले किंवा दाखविले जातात. तेथे वाजवी वेळी प्रवेश करून पाहणी करण्याचा अधिकार कलम २५ देते. या पाहणीस जो अडथळा करील किंवा ती जाणूनबुजून लांबवील, अथवा पाहणी टाळण्यासाठी प्राणी लपवील, त्यास कलम २६ प्रमाणे ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कारावास, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. याच कलमांत पाहणी करणाऱ्यावरही मर्यादा घातली आहे. प्रत्यक्ष खेळ चालू असताना त्याला रंगमंचावर किंवा त्यामागे जाता येत नाही.

इतर सर्व बाबतींत सर्वसाधारण फौजदारी कायदा लागू होतो. १ जुलै २०२४ पर्यंत हे काम भारतीय दंड संहितेच्या कलम १८६ व ३५३ प्रमाणे चालत असे. त्या दिवसापासून भारतीय न्याय संहिता, २०२३ अंमलात आली असून तिच्यातील पुढील तरतुदी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत.

कलम २२१ : लोकसेवकास त्याचे सार्वजनिक कार्य पार पाडताना इच्छापूर्वक अडथळा करणे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही.

कलम १३२ : लोकसेवकास कर्तव्यापासून परावृत्त करण्यासाठी त्याच्यावर हमला करणे किंवा फौजदारीपात्र बलप्रयोग करणे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दंड, अथवा दोन्ही.

कलम १२१ : त्याच हेतूने लोकसेवकास दुखापत करणे. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कारावास किंवा दंड, अथवा दोन्ही. दुखापत गंभीर असल्यास किमान एक वर्ष व कमाल दहा वर्षे कारावास आणि दंड.

या शिक्षांची तुलना मूळ अपराधाच्या शिक्षेशी केली असता विसंगती स्पष्ट दिसते. जनावरास मारणे, त्याच्यावर बेसुमार भार लादणे, जखमी किंवा आजारी जनावर कामास जुंपणे, त्याला पुरेसा चारापाणी न देणे हे कलम ११ खालील अपराध आहेत. १९६० च्या अधिनियमाने त्यांस पहिल्या वेळी १० ते ५० रुपये दंड ठरविला. तीन वर्षांच्या आत पुन्हा अपराध घडल्यास २५ ते १०० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कारावास, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. या शिक्षा अपुऱ्या असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ च्या निर्णयात नमूद केले आणि संसदेने योग्य ती सुधारणा करावी अशी अपेक्षा व्यक्त केली. केंद्र शासनाने २०२२ मध्ये सुधारणेचा मसुदाही प्रसिद्ध केला होता.

या विसंगतीचा व्यावहारिक अर्थ असा, की ज्या गोष्टीचा निकाल पन्नास रुपयांच्या आत लागला असता तिच्यासाठी रागाच्या भरात अधिकाऱ्याची गचांडी धरणारा मनुष्य दोन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र ठरतो. कलम २२१ चा अपराध अदखलपात्र व जामीनपात्र आहे. कलम १३२ चा अपराध दखलपात्र असून बिगरजामिनी आहे. एक पाऊल पुढे टाकल्याने परिणाम किती बदलतो, हे गावातील तरुणांस वेळीच समजावून सांगितले पाहिजे.

अडथळा म्हणजे काय, आणि काय नव्हे

अडथळा होण्यास मारहाणच झाली पाहिजे असे नाही. तपासणीची सूचना मिळताच जनावर मागील दाराने हाकलून देणे, अधिपत्र दाखविल्यावरही गोठ्यास कुलूप लावून किल्ली न देणे, अधिकाऱ्याच्या वाहनापुढे बंडी आडवी उभी करणे, ताब्यात घेतलेले जनावर जमाव जमवून सोडवून नेणे, धमकी देऊन पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास परत पाठविणे या सर्व कृती इच्छापूर्वक अडथळ्यात मोडू शकतात.

याउलट, ओळखपत्र मागणे, अधिकारपत्र वाचून दाखविण्यास सांगणे, कोणत्या कलमाखाली जनावर ताब्यात घेतले जात आहे असे विचारणे, पंचनाम्यात आपले म्हणणे नोंदविण्याचा आग्रह धरणे, सरपंचास किंवा वकिलास बोलावणे, हा अडथळा नव्हे. तो नागरिकाचा अधिकार आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम ३७ या बाबतीत दोन्ही बाजूंस मार्गदर्शक आहे. लोकसेवक सद्भावनेने व आपल्या पदाच्या नात्याने एखादी कृती करीत असेल, आणि त्या कृतीमुळे मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती निर्माण होत नसेल, तर ती कृती काटेकोरपणे कायदेशीर नसली तरीही तिच्याविरुद्ध खासगी बचावाचा अधिकार वापरता येत नाही. मात्र समोरची व्यक्ती लोकसेवक आहे हे नागरिकास माहीत असले पाहिजे, किंवा तसे मानण्यास त्यास कारण असले पाहिजे. लोकसेवकाच्या निदेशावरून दुसरी व्यक्ती कृती करीत असेल, तर तिने आपला अधिकार सांगितला पाहिजे, आणि अधिकार लेखी असल्यास मागणी होताच तो दाखविला पाहिजे. अधिकारपत्र खिशात ठेवून आवाज चढविणारा तपासणीस स्वतःच आपली बाजू दुबळी करतो.

दुसरी महत्त्वाची बाब कार्यपद्धतीची आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१५ प्रमाणे, संबंधित लोकसेवकाने किंवा त्याच्या वरिष्ठाने लेखी फिर्याद दिल्याखेरीज न्यायालय कलम २२१ च्या अपराधाची दखल घेऊ शकत नाही. घटनेच्या दिवशी तोंडी तक्रार करून आठवडाभराने विषय सोडून दिला, तर अडथळा करणारा सुटतो. मूळ छळाच्या अपराधासही मुदत आहे. १९६० च्या अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे अपराध घडल्यापासून तीन महिन्यांनंतर त्याबद्दल खटला दाखल करता येत नाही. तपासणी एकदा अडविली, पुढची तारीख लांबली, जनावर विकले गेले आणि तीन महिने उलटले, की जनावराची फिर्याद कायमची बंद होते. अडथळ्यास शिक्षा असण्याचे खरे कारण येथे सापडते.

तीन नेहमीचे प्रसंग

हे नियम व्यवहारात कसे लागू पडतात, हे तालुक्यातील रोजच्या जीवनातील तीन प्रसंगांवरून पाहता येईल.

पहिला प्रसंग उन्हाळ्यातील बंडीचा. मे महिन्यातील दुपारी एक वाजता शेणखत किंवा विटा भरलेली बंडी डांबरी रस्त्याने चालली आहे, असे समजा. भारवाहक व ओझेवाहू जनावरांबाबतच्या १९६५ च्या नियमांप्रमाणे तापमान ३७ अंश सेल्सियसच्या वर असलेल्या भागात दुपारी १२ ते ३ या वेळात जनावर गाडीस जुंपता येत नाही. दिवसभरात एकूण नऊ तासांपेक्षा अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा अधिक काम घेता येत नाही. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात पारा ३७ अंशांवर जाणे ही नेहमीची बाब असल्याने हा नियम येथे इतर अनेक जिल्ह्यांपेक्षा अधिक दिवस लागू राहतो. भाराची मर्यादा बैलाचे वजन व गाडीच्या चाकांचा प्रकार यांवर ठरते. आर लावलेली पराणी, वऱ्हाडी बोलीतील तुतारी, किंवा टोचणारे जू वापरण्यासही मनाई आहे. भार जास्त असल्याचा संशय आल्यास अधिकारी गाडी वजनकाट्यावर नेण्यास सांगू शकतो. चालकाने नकार दिल्यास अधिकारी स्वतः ती तेथे नेऊ शकतो. वजन झाल्यावर त्याचे सहीनिशी लेखी विवरण चालकास मिळाले पाहिजे. नियमभंगाची शिक्षा १०० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कारावास, अथवा दोन्ही अशी आहे. बैल सोडून रस्त्यावर हुज्जत घालणाऱ्याच्या वाट्यास मात्र कलम २२१ येऊ शकते.

दुसरा प्रसंग मालमोटारीचा. अमरावती-यवतमाळ रस्ता नांदगाव खंडेश्वरवरून जातो, आणि मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गही या तालुक्यातून गेला आहे. जनावरांच्या वाहतुकीबाबत १९७८ चे नियम सांगतात, की एका मालवाहू मोटारीत सहापेक्षा अधिक गुरे नेऊ नयेत, आणि जनावरे प्रवासास योग्य असल्याचे पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र सोबत असावे. बाजारातून गुरे आणणाऱ्या शेतकऱ्याने हे प्रमाणपत्र व खरेदीची पावती हाताशी ठेवली तर तपासणी दहा मिनिटांत संपते. वाहन न थांबविता पळवून नेल्यास निर्दोष व्यवहारही संशयास्पद ठरतो.

तिसरा प्रसंग शंकरपटाचा. शेजारच्या धामणगाव रेल्वे तालुक्यातील तळेगाव दशासर येथील शंकरपट वऱ्हाडभर प्रसिद्ध आहे. २०१४ च्या निर्णयानंतर अशा शर्यतींवर बंदी आली. महाराष्ट्र विधानमंडळाने २०१७ मध्ये १९६० च्या अधिनियमात राज्यापुरती सुधारणा केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या सुधारणेनुसार शर्यती घेण्यास परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ही सुधारणा वैध ठरविली. शर्यतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते आणि बैलांची पशुवैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते. काठी, चाबूक किंवा विजेचा धक्का देणारे साधन वापरता येत नाही. अटींचा भंग करून बैलास वेदना देणाऱ्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. पन्नास रुपये आणि पाच लाख रुपये यांतील हे अंतर आयोजकांनी विसरता कामा नये. पटाच्या मैदानावर पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास बैलाजवळ जाऊ न देणारा कार्यकर्ता स्वतः अडचणीत येतोच, शिवाय ज्या परवानगीसाठी शेतकऱ्यांनी अनेक वर्षे वाट पाहिली तीच तो धोक्यात घालतो.

मालक आणि सालदार

बंडीवर बसलेला मनुष्य बहुधा मालक नसतो. तो सालदार किंवा रोजंदार असतो. किती भार भरावयाचा आणि कोणत्या वेळी निघावयाचे हे ठरविणारा दुसराच असतो. अधिकारी समोर उभा राहिला म्हणजे सालदारास दोन्ही बाजूंची भीती वाटते. थांबला तर मालक रागावणार आणि पळाला तर गुन्हा नोंदणार. कायद्याने ही परिस्थिती विचारात घेतली आहे. जनावराचा छळ टळावा म्हणून मालकाने वाजवी काळजी व देखरेख ठेवली नसेल, तर कलम ११ प्रमाणे मालकानेही अपराध केला असे मानले जाते. केवळ देखरेखीच्या अभावाबद्दल मालकास दोषी ठरविले असता, दंडाचा पर्याय न देता त्यास कारावास देता येत नाही. अडथळ्याच्या अपराधास मात्र असा आडपडदा नाही. जो प्रत्यक्ष अडवितो त्यास त्याची शिक्षा होते. म्हणून मालकाच्या सांगण्यावरून गाडी पळविणे सालदाराच्या हिताचे नाही. थांबावे, मालकाचे नाव सांगावे आणि भार कोणी भरावयास लावला ते पंचनाम्यात नोंदवून घ्यावे, हा त्याच्यासाठी सुरक्षित मार्ग होय.

तपासणीस विरोध होण्यामागे पुष्कळदा जनावर हातचे जाईल ही भीती असते. ऐन पेरणीत बैलजोडीतील एक बैल गेला तर अल्पभूधारकाचे वर्ष वाया जाते, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु ताब्यात घेणे म्हणजे मालकी जाणे नव्हे. कलम ३५ प्रमाणे जखमी किंवा आजारी जनावरास उपचारासाठी रुग्णालयात किंवा पांजरपोळात ठेवण्याचा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. त्याचा खर्च सर्वसाधारणपणे मालकाकडून घेतला जातो. परंतु मालकाच्या गरिबीमुळे न्यायदंडाधिकाऱ्यांनी तसा आदेश दिल्यास उपचाराचा आकार द्यावा लागत नाही. ही तरतूद फार थोड्या शेतकऱ्यांना माहीत असते. ती माहीत झाल्यास निम्मा विरोध आपोआप मावळेल. तसेच विहित पद्धतीने वेसण घालणे, खच्चीकरण करणे, शिंगे काढणे किंवा डाग देणे हा कलम ११ प्रमाणे छळ ठरत नाही. त्यामुळे शेतीच्या नेहमीच्या व्यवहारासाठी कोणी आपणास अपराधी ठरवील, ही भीती निराधार आहे.

अनधिकृत तपासणी

कायद्याचे दुसरे टोकही तितकेच महत्त्वाचे आहे. प्राण्यांविषयी कळवळा असणाऱ्या प्रत्येक व्यक्तीस तपासणीचा अधिकार मिळत नाही. एखाद्या संस्थेचे सदस्यत्व किंवा मानद पद यामुळे कलम ३४ खालील अधिकार आपोआप प्राप्त होत नाहीत. त्यासाठी राज्य शासनाचे प्राधिकरण लागते. असे प्राधिकरण नसलेल्या नागरिकाने छळ होताना पाहिल्यास पोलिसांना अथवा पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. रस्त्यात वाहन अडविणे, जनावरे उतरवून घेणे किंवा चालकास मारहाण करणे हा अपराध होय. केवळ वाट अडविली तरी भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ प्रमाणे एक महिन्यापर्यंत साधा कारावास किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लोकसेवक असल्याची बतावणी करून काही कृती केल्यास कलम २०४ प्रमाणे किमान सहा महिने व कमाल तीन वर्षे कारावास आणि दंड अशी शिक्षा आहे. खऱ्या अधिकाऱ्याच्या वाटेत लोक आडवे का येतात, याचे एक कारण खोट्या अधिकाऱ्यांचा आलेला अनुभव हेही असते. तोतयांस आवर घालणे हे म्हणूनच खऱ्या तपासणीच्या हिताचे आहे.

गावपातळीवरील कर्तव्ये

अधिकाऱ्यांनी तपासणीस निघताना ओळखपत्र व अधिकारपत्र सोबत ठेवावे आणि मागणीची वाट न पाहता ते दाखवावे. घटनास्थळी वेळ, तापमान, भार आणि जखमेचे स्थान यांची नोंद करावी. अडथळा झाल्यास बळाचा वापर टाळून पोलिसांची मदत घ्यावी, अडथळ्याचे नेमके वर्णन लिहून ठेवावे आणि लेखी फिर्याद वेळेत दाखल होईल हे पाहावे. पोलिसांनी घेतलेल्या झडतीचे व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण करण्याची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ मध्ये आहे. हे चित्रीकरण अधिकाऱ्यास खोट्या आरोपापासून आणि नागरिकास अतिरेकापासून सारखेच संरक्षण देते.

पंचायत सदस्यांस पंच म्हणून बोलावले जाण्याचा संभव असतो. झडतीच्या वेळी त्या भागातील दोन किंवा अधिक स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवाशांस साक्षीदार म्हणून बोलावण्याची पद्धत आहे. लेखी आदेश मिळूनही वाजवी कारणाशिवाय उपस्थित राहण्यास नकार देणे हा न्याय संहितेच्या कलम २२२ खालील अपराध मानला जातो. "आपल्याच गावचा माणूस आहे" हे वाजवी कारण ठरत नाही. ग्रामसभेत वर्षातून एकदा, शक्यतो उन्हाळा सुरू होण्यापूर्वी, भाराची मर्यादा, दुपारच्या विश्रांतीचा नियम आणि गरीब मालकास मिळणारी उपचारखर्चातील सूट यांची माहिती वाचून दाखविल्यास तपासणीची वेळच कमी येईल. रस्त्याच्या कडेला बैलांसाठी पाण्याचे हौद दुरुस्त ठेवणे हेही पंचायतीस सहज करता येण्यासारखे काम आहे.

शिक्षकांचे कार्य याहून दूरगामी आहे. तान्हा पोळ्यास लाकडी बैल सजवून आणणारी मुले उद्याची बैलमालक किंवा मोटारचालक होणार आहेत. खऱ्या बैलाच्या खांद्यावर हात ठेवून तो तापला आहे काय, त्याला सूज आहे काय, हे ओळखावयास त्यांना शिकविता येईल. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांस शाळेत बोलावून जनावराची तपासणी कशी करतात हे एकदा दाखविले, तर मोठेपणी तपासणी अधिकारी पाहून त्यांच्या मनात संशय उत्पन्न होणार नाही.

समारोप

अडथळ्याबद्दलची शिक्षा ही अधिकाऱ्याचा मान राखण्यासाठी नाही. ज्याची फिर्याद दुसऱ्या कोणी पाहिल्याखेरीज नोंदली जात नाही, त्याच्यासाठी ती आहे. अधिकाऱ्याने अधिकारपत्र दाखवावे, मालकाने जनावर दाखवावे आणि पंचांनी दिसेल ते लिहावे; एवढे झाले तर कलम २२१ वापरण्याची वेळ क्वचितच येईल. खांदशेकणीच्या संध्याकाळी वऱ्हाडातील शेतकरी बैलाचा खांदा कोणाच्या सांगण्यावाचून स्वतः तपासतो. तीच दृष्टी वर्षभर राहिली, तर तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यास दाखविण्यात त्याला संकोच वाटण्याचे कारण उरणार नाही.